ज्येष्ठमधाचा पिवळा रंग आणि त्यामागची द्रावकं

मशीद बंदरच्या काष्ठौषधीवाल्याकडून आणलेली ज्येष्ठमधाची कांडी मोडली की आत पिवळा गाभा दिसतो. तो रंग मुख्यतः फ्लेव्होनॉइडांचा, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांच्या एका गटाचा. हे नावही लॅटिनमधल्या ‘फ्लावुस’, म्हणजे पिवळा, या शब्दावरून पडलं.

मुळातलं काय बाहेर येणार हे द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, ठरवतं, आणि हा अनुभव आपल्याकडे जुना आहे. काढ्याला पाणी, सिद्ध तेला-तुपाला स्नेह, म्हणजे स्निग्ध पदार्थ. आसव-अरिष्टात तर धायटीची फुलं टाकून आंबवताना मद्यार्क हळूहळू तयार होतो आणि तोच औषधातले घटक ओढून घेतो. वैद्यांना रेणू ठाऊक नव्हते, पण कशात काय उतरतं ते नेमकं ठाऊक होतं.

द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून घटक काढणारं प्रयोगशाळेतलं सॉक्सलेट उपकरण मात्र दुधातली चरबी मोजण्यासाठी 1879 मध्ये आलं. पुढे ते वनस्पतींकडे वळलं. 1928 मध्ये शिनोदा या रसायनशास्त्रज्ञांनी फ्लेव्होनॉइडं ओळखण्यासाठी मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची रंगचाचणी दिली.

मुंबईचा वाटा हे रेणू प्रयोगशाळेत घडवण्याच्या बाजूने आहे, आणि तो विद्यार्थ्यांना सांगायलाच हवा. फ्लेव्होन (फ्लेव्होनॉइडांचाच एक प्रकार) बनवण्याच्या बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या अभिक्रियेतले के. वेंकटरामन 1938 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे संचालक झाले. 1933 मध्ये सुरू झालेला तो विभाग म्हणजेच माटुंग्याची आजची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी).

मुळातून फ्लेव्होनॉइडं काढण्याची आज रीत ठरलेली आहे. भुकटी आधी पेट्रोलियम ईथरने धुवायची, म्हणजे चरबी आणि मेण निघून जातं. मग मिथेनॉल किंवा पाणी मिसळलेलं इथेनॉल. (1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे स्पिरिटला परवाना लागतो.) अर्क आटवून पाण्यात कालवायचा आणि सेपरेटिंग फनेलमध्ये (न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या तोटीच्या नरसाळ्यात) इथाइल ॲसिटेट घालायचं. रेणूला साखर न जोडलेली किंवा थोडीच जोडलेली फ्लेव्होनॉइडं बरीचशी वरच्या थरात चढतात. जास्त साखरेची खालीच राहतात. ती ब्युटेनॉलने काढायची.

ज्येष्ठमध इथेच छळतं. त्यातलं ग्लिसिरायझिन साबणासारखं फेसाळतं. फनेल जोरात हलवलं तर दोन थरांऐवजी दुधाळ लगदा उरतो आणि तासन्‌तास सुटत नाही. अलगद उलटंसुलटं करायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि वाट पाहायची. वरचा पिवळा थर काढून सुकवायचा, थोडासा अल्कोहोलमध्ये विरघळवून मॅग्नेशियमचा तुकडा आणि आम्लाचे थेंब टाकायचे. परीक्षानळीत गुलाबी-लाल रंग चढतो.