एकाच वायूचे दोन परिणाम: ओझोन विवर आणि तापमानवाढ

ओझोनच्या थराला छिद्र पडले, तेथून ऊन जास्त येते आणि म्हणून पृथ्वी तापते, असे स्पष्टीकरण आजही अनेकदा ऐकू येते. ते चुकीचे आहे. ओझोन घटल्यामुळे जमिनीपर्यंत पोहोचणारे अतिनील किरण वाढतात आणि ती हानी गंभीरच आहे. पृथ्वी तापते ती मात्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे हरितगृह वायू जमिनीकडून परत जाणारी उष्णता अडवतात म्हणून. तरीही या दोन प्रश्नांना जोडणारा एक धागा आहे, तो म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, अर्थात सीएफसी.

सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळती झाली तर घरातली माणसे दगावत. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८च्या सुमारास बिनविषारी, न पेटणारे सीएफसी पुढे आणले. हे वायू सहसा कशाशीही संयोग पावत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण मानला गेला आणि त्यातच पुढचे संकट दडलेले होते, कारण पावसाने धुऊन न जाणारा सीएफसी-१२ वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो.

१९७४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले, की वर स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वातावरणाच्या वरच्या भागात, पोहोचल्यावर अतिनील किरणांनी सीएफसीचे रेणू फुटतात आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो. पुढच्याच वर्षी हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी याच वायूंची दुसरी बाजू उघड केली: उष्णता अडवण्यात सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून अधिक रेणूंना भारी पडतो. मदुराईत जन्मलेले रामनाथन अमेरिकेला जाण्यापूर्वी सिकंदराबादच्या एका फ्रिज कंपनीत याच वायूंच्या गळतीवर काम करत होते. हवामानबदल म्हणजे केवळ कार्बन डायऑक्साइड, ही समजूत त्यांच्या शोधनिबंधाने मोडली. माझ्या मते त्याची जेवढी दखल सामान्य वाचकांत घेतली जायला हवी होती, तेवढी घेतली गेली नाही.

अंटार्क्टिकावरील ओझोन विवराची नोंद ब्रिटिश संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन नष्ट करणाऱ्या वायूंना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. ओझोन अतिनील किरण शोषून स्थितांबर तापवतो. तो घटला की तो थर थंडावतो. अंटार्क्टिकावर हे इतक्या तीव्रतेने घडले, की दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा ध्रुवाकडे सरकला. म्हणजे ओझोनच्या ऱ्हासाने हवामान बदलले, पण जागतिक तापमानवाढीच्या मार्गाने नव्हे.

सीएफसीच्या जागी अखेरीस आलेले, क्लोरीन नसलेले हायड्रोफ्लुरोकार्बन, अर्थात एचएफसी, ओझोनला धक्का लावत नाहीत, मात्र उष्णता जोरदार अडवतात. फ्रिज आणि मोटारींच्या एसीमध्ये भरला जाणारा एचएफसी-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींहून अधिक तापवतो. म्हणूनच ओझोनसाठी केलेल्या कराराला २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे हवामानासाठी दुरुस्ती जोडावी लागली. भारताने ती २०२१ मध्ये मंजूर केली असून एचएफसीची कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे.