बॅटरी चार्जिंगला लावली, मिळणार कधी?

गाडी सेल्फ घेईना म्हणून बॅटरी काढून दुकानात आणली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तासाभरात होईल ना?" आणि आम्ही बहुतेक वेळा म्हणतो, "उद्या सकाळी या." हा हिशेब तुम्हालाही करता यावा, म्हणून हे पत्रक.

बॅटरीवर ३५ एएच, ७५ एएच असा आकडा छापलेला असतो. एएच म्हणजे अँपियर-तास, बॅटरीत किती साठते त्याचे माप. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला या आकड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतक्या अँपियरने चार्ज करावे, हा आमच्या धंद्यातला जुना आणि खात्रीचा नियम. म्हणजे ३५ एएचला साडेतीन अँपियर. आत जाणारा सगळा करंट साठत नाही, काही वाया जातो, म्हणून साधारण पाचवा हिस्सा जादा धरायचा.

समजा कारची ३५ एएच बॅटरी निम्मी उतरली आहे. साडेसतरा अँपियर-तास परत भरायचे, जादा धरून २१. साडेतीनने भागले की सहा तास. त्यात आणखी एक-दोन तास मिळवा, कारण बॅटरी भरत आली की ती करंट कमी-कमी घेते. शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश जातो आणि तोच गाळला तर बॅटरी अर्धवट राहते.

पूर्ण उतरलेली असेल तर याच हिशेबाने बारा तास आणि वर थोडे. स्कूटरची ५ एएच असो की ट्रॅक्टरची ७५ एएच, वेळ जवळपास तेवढाच लागतो. बॅटरी मोठी तसा करंटही मोठा. "एवढीशी तर बॅटरी आहे" असे ग्राहक म्हणतात, तेव्हा आम्ही हेच समजावतो.

किती उतरली आहे, हे मीटरवर कळते. गाडी बंद करून काही तास झाल्यावर मोजा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी.

जास्त अँपियरने लवकर उरकून द्या, असा आग्रह कृपया धरू नका. बॅटरी तापते, प्लेटा वाकतात, त्यांवरचा मसाला (वीज साठवणारा लेप) झडतो. आज वाचलेले चार तास पुढे नव्या बॅटरीच्या किमतीला पडतात.

एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहून बॅटरी उतरलेलीच पडली असेल, तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. अशी बॅटरी तासाभरात "फुल" दाखवते आणि सेल्फ मारताच बसते. तिच्यासाठी आम्ही आधी वेळ सांगत नाही. कमी करंटवर ठेवून पाहतो, मग प्रत्येक सेलचे (बॅटरीतल्या कप्प्याचे) पाणी हायड्रोमीटरने, म्हणजे त्यातल्या अ‍ॅसिडचे प्रमाण दाखवणाऱ्या नळीने, तपासतो आणि खरे काय ते सांगतो.

गाडी जागेवर नुसती चालू ठेवूनही बॅटरी लवकर भरत नाही. इंजिन मंद असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) थोडाच करंट देतो.

घरी चार्ज करत असाल तर खोली हवेशीर हवी. चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी, काडी, उदबत्ती काही नको. आधी चार्जरचे बटण बंद करा, मगच क्लिपा काढा. झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहा. नळाचे पाणी कधीही घालू नका.

लग्नाला किंवा गणपतीला गावी निघायचे असेल, तर बॅटरी आदल्या दिवशी सकाळीच आणून द्या.