खोरं बदललं की पाणी वळवता येत नाही? कुणी सांगितलं!

खानापूर-बेळगाव भागात म्हादईचा (कर्नाटकात उगम पावून गोव्यात जाणारी नदी, जिच्या पाण्यावरून दोन्ही राज्यांत वाद आहे) विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं, "एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात न्यायला कायद्यानं बंदीच आहे." नाहीये हो. अशी सरसकट बंदी देशात कुठल्याच कायद्यात नाही. असती तर कृष्णा खोऱ्यातलं कोयनेचं पाणी वीज करून सह्याद्रीपल्याड चिपळूणकडं वाशिष्ठीत गेलंच नसतं.

आता म्हादईचं बघा. या नदीचा पाणीवाद मिटवायला नेमलेल्या लवादानं 2018 च्या निकालात कर्नाटकला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं, त्यातलं 3.9 टीएमसी मलप्रभा नदीच्या, म्हणजे दुसऱ्याच खोऱ्यात वळवायला, म्हादईच्या कळसा ओढ्यातून 1.72 आणि भंडुरा ओढ्यातून 2.18, आणि 2020 ला केंद्रानं ते राजपत्रात छापलं पण. वळवायला हरकत नाही, मोजून वळवा, एवढंच.

मग काम का अडलंय? परवानग्यांमुळं. वन्यजीव कायद्याचं कलम 29 म्हणतं की अभयारण्यात येणारं किंवा तिथनं जाणारं पाणी परवान्याशिवाय वळवायचं-अडवायचं नाही, आणि गोव्यानं 2023 मध्ये ह्याच कलमाखाली कर्नाटकला नोटीस धाडली. हे खरं कुलूप, खोऱ्याचं नाही.

आणि "आमचं राज्य कायदा करून पाणी रोखेल" म्हणणारे गोवा-कर्नाटक दोन्हीकडं आहेत, त्यांच्यासाठी: पाणी राज्याचा विषय खरा, पण आंतरराज्य नदीवर लवादाचा आदेश राज्य आपल्या कायद्यानं गुंडाळू शकत नाही. कर्नाटकनंच 1991 मध्ये कावेरीवर असा अध्यादेश काढून बघितला, सुप्रीम कोर्टानं तो घटनाबाह्य ठरवला.