कीबल कॉलेजच्या रंगीत विटांमागची गोष्ट

ऑक्सफर्ड म्हटलं की पिवळसर दगडाची जुनी कॉलेजं डोळ्यासमोर येतात, आणि त्यात हे कीबल कॉलेज लालभडक विटांचं, वर पांढऱ्या आणि निळसर-काळ्या विटांचे पट्टे, चौकटी, नागमोडी नक्षी. बांधलं तेव्हापासून लोक त्याला नावं ठेवत आलेत, पण ते असं का झालं हे कळलं की इमारत वेगळीच दिसायला लागते.

जॉन कीबल हे पाद्री आणि कवी. १८३३ मधल्या त्यांच्या प्रवचनापासून ऑक्सफर्ड मूव्हमेंट सुरू झाली असं मानतात, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जुने विधी, जुनी श्रद्धा परत आणायची चळवळ. ते १८६६ मध्ये वारले आणि चाहत्यांनी वर्गणी काढून १८७० मध्ये त्यांच्या नावाने कॉलेज सुरू केलं, बेताच्या परिस्थितीतल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, मुलांसाठी. म्हणून खर्च कमी ठेवायचा होता: जेवण सगळ्यांचं एकत्र हॉलमध्ये, आणि इतर कॉलेजांत जिन्याजिन्याला खोल्या असतात तशा न ठेवता लांब कॉरिडॉरच्या कडेने ओळीने खोल्या.

आर्किटेक्ट विल्यम बटरफिल्ड हा स्वतः ऑक्सफर्ड मूव्हमेंटच्याच विचारांचा माणूस. रंग वरून फासायचा नाही, तो विटेतून, दगडातून, टाइल्समधूनच यायला हवा, हे त्याचं ठाम मत, आणि लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये त्याने ते आधीच करून दाखवलं होतं. इथे भिंतीचा खालचा भाग साधासा आहे आणि वर जावं तशी नक्षी वाढत जाते, हे मला फार आवडतं.

चॅपल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनागृह, मात्र काटकसरीचं अजिबात नाही, कारण त्याचे पैसे विल्यम गिब्ज यांनी दिले, ज्यांची कंपनी पेरूहून पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, ग्वानो, आणून विकायची. १८७६ मध्ये ते उघडलं. खिडक्या खूप उंचावर, त्यांच्या खाली बायबलच्या प्रसंगांचे मोझेक, आणि बाक समोरासमोर न ठेवता सगळे वेदीकडे तोंड करून, याबाबतीत बटरफिल्ड हटूनच बसला होता. इंग्लिश चित्रकार होल्मन हंटचं 'लाइट ऑफ द वर्ल्ड' हे प्रसिद्ध पेंटिंग कॉलेजला भेट मिळालं तेव्हाही त्याने ते मुख्य चॅपलमध्ये लावू दिलं नाही, शेवटी दुसऱ्या आर्किटेक्टकडून बाजूला छोटं चॅपल बांधून घ्यावं लागलं.

मुंबईकरांना ऑक्सफर्डला न जाताही बटरफिल्डचं काम बघता येतं, कुलाब्याच्या अफगाण चर्चचं डिझाइन त्याचं नाही, पण आतल्या सजावटीत त्याचा हात आहे.