दोन वाक्यं एकत्र खरी असू शकतात का, हे आपल्याला कळतं कसं

"माझी आई वांझ आहे" असं कुणी म्हणालं तर विचार करायची गरजच नाही, बोलणारा समोर उभाय ना. संस्कृतातल्या तर्कवाल्यांचं हे ठेवणीतलं उदाहरण, आपण मराठीत अजूनही वदतो व्याघात, म्हणजे स्वतःचंच बोलणं खोडणारं बोलणं, म्हणतो तो हाच प्रकार.

पण सगळेच व्याघात इतके भोळे नसतात. न्यायसूत्रात, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, एक आक्षेप येतो की वेद प्रमाण कसे मानायचे, त्यात असत्य, व्याघात आणि पुनरुक्ती आहे. भाष्यकार वात्स्यायन व्याघाताचा नमुना देतो, होम सूर्य उगवल्यावर करा, उगवायच्या आधी करा, मधल्या वेळेला करा असं तिन्ही सांगितलंय आणि वर उगवल्यावर केलात तर आहुती श्याव खातो, आधी केलात तर शबल (हे दोघे यमाचे कुत्रे), मधल्या वेळी केलात तर दोघं मिळून! म्हणजे करायचं तरी कधी? यावर सूत्राचं उत्तर भारी आहे: दोष त्याला, जो एक वेळ ठरवतो आणि नंतर मोडतो. पटो न पटो, पण पद्धत बघा, सगळी वाक्यं एकत्र बसतील असं एक चित्र शोधून दाखवलं की व्याघात संपला. एक गोष्ट आहेही आणि नाहीही असं होत नाही, हा नियम सांगताना ॲरिस्टॉटलनेही 'एकाच वेळी, एकाच बाबतीत' ही अट घातली होती ती उगाच नाही.

विसाव्या शतकात सत्यतासारणी आली, सगळ्या खऱ्याखोट्याच्या शक्यता मांडून तपासा. १० साधी विधानं असली की १०२४ ओळी, २० झाली की दहा लाखांवर. डोक्यात हे कोण करणार?

फिलिप जॉन्सन-लेअर्ड या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं की माणूस तेच जुनं करतो, एक चित्र उभं करून बघतो. २००० साली त्याने इटालियन सहकाऱ्यांबरोबर त्यातली फसगत दाखवली. त्यांच्या कोड्याचा सांगाडा घेऊन मी फराळाचा डबा भरतो. दोनपैकी एकच वाक्य खरं आहे:

डब्यात लाडू किंवा चकली आहे, किंवा दोन्ही.
डब्यात चकली आणि शंकरपाळे आहेत.

आता डब्यात चकली आणि शंकरपाळे असू शकतात का? अशा कोड्याला बहुतेक लोक बिनधास्त 'हो' म्हणतात, कारण दुसरं वाक्य खरं धरलं की चित्र लगेच तयार होतं. पहिलं तेव्हा खोटं असायला हवं, हे कुणी डोळ्यासमोर आणतच नाही. चकली डब्यात आली की पहिलंही खरं झालं, मग 'एकच खरं' कुठे राहिलं?