करकरीत नोट आणि स्कॅनरची काच

नव्या नोटेला मराठीत ‘करकरीत’ म्हणतात, आणि हा शब्द कानाचा आहे. कोपरा धरून हलवली की नवी नोट आवाज करते. शंभर हातांतून फिरलेली गप्प बसते. जुन्या नोटा जमवणारे नोटेची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवत आले ते असेच, बोटांनी आणि कानांनी. आता नोट पहिल्यांदा भेटते ती पडद्यावर, स्कॅनच्या रूपात. तिथे आवाज नाही, स्पर्शही नाही.

प्रत सांगायचे शब्द मात्र स्कॅनरच्या कितीतरी आधीचे. इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी ही नोटा जमवणाऱ्यांची संस्था 1961 मध्ये स्थापन झाली. ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे न वापरलेल्या नोटेपासून ‘पुअर’पर्यंतची तिची उतरंड आजही व्यवहारात चालते. ही सगळी उतरंड घड्यांच्या हिशेबावर उभी आहे. मध्ये एक हलकी घडी असेल तर ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’. तीनपर्यंत हलक्या घड्या किंवा एकच ठसठशीत मोड असेल तर ‘एक्स्ट्रीमली फाइन’. म्हणजे एखादी घडी दिसली की नाही, यावर किंमत बरीच खाली-वर होते. टपालाने लिलाव चालत तेव्हा यादीत मोजकीच कृष्णधवल छायाचित्रे असत. बाकी नोटा विक्रेत्याच्या शब्दावर घ्यायच्या आणि नाही पटल्या तर परत पाठवायच्या.

आकड्यांची पद्धत आली नाण्यांकडून. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. 70 प्रतीच्या नाण्याची किंमत 1 प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट, असा तिचा सरळ हिशेब होता. तो हिशेब लवकरच कोलमडला, पट्टी मात्र टिकली. 2005 मध्ये पेपर मनी गॅरंटी, म्हणजे पीएमजी, ही नोटांची प्रत ठरवणारी कंपनी सुरू झाली आणि तिने तीच पट्टी प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेल्या नोटांना लावली. धातूच्या झिजेसाठी बनवलेली पट्टी कागदाला लावणे मला अजूनही थोडे विचित्र वाटते. पीएमजीने आकड्याला ‘ईपीक्यू’ हा शेरा जोडला, तो मात्र कामाचा. नोट धुतलेली, दाबलेली किंवा दुरुस्त केलेली नाही, कागद मूळचाच आहे, असा त्याचा अर्थ. 65 किंवा त्यावरचा आकडा या शेऱ्याशिवाय मिळत नाही.

स्कॅन नेमका इथेच फसवतो. फ्लॅटबेड स्कॅनरचे झाकण नोट काचेवर सपाट दाबते आणि हलकी घडी दिसेनाशी होते. दिव्याची पट्टी एका बाजूने सरकत जाते. तिला समांतर असलेल्या घडीची सावली पडते, आडवी घडी मात्र सहज निसटते. म्हणून जाणकार तीच नोट काटकोनात फिरवून दुसरा स्कॅन मागतात. वर सॉफ्टवेअर आपणहून उजेड वाढवते आणि मळकट कागद गोरा करते. इस्त्री केल्यासारखी दाबलेली नोट तर स्कॅनमध्ये सर्वांत देखणी दिसते. छपाईचा उठाव गेलेला असतो, पण तो बोटांना कळतो, काचेला नाही. तेव्हा स्कॅन पाहून 65 की 66 असा वाद घालणाऱ्यांकडे मी फारसे लक्ष देत नाही.

भारतीय नोटांचे दुखणे आणखी निराळे. ब्रिटिश काळात नोट टपालाने पाठवताना मधोमध कापत आणि दोन अर्धे वेगवेगळ्या पाकिटांतून रवाना करत. एक चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. पोहोचल्यावर ते चिकटवत. अशी जोडलेली नोट कुठल्याही पट्टीत नीट बसत नाही. शिवाय बँका गड्ड्यांना स्टेपल मारत. रिझर्व्ह बँकेने 1999 मध्ये ‘क्लीन नोट’ धोरण जाहीर केले आणि 2001 मध्ये स्टेपल मारायला बंदी घातली. त्याआधीची नोट कोरी असली तरी तिला बहुधा भोके असतात. चिंतामणराव देशमुखांच्या सहीची सहाव्या जॉर्जची नोट घ्या. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले देशमुख 1943 ते 1949 रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्यामुळे मराठी संग्राहकाचा जीव तिच्यात जरा जास्तच अडकतो. तिलाही स्टेपलची दोन भोके असली तर तो दोष धरू नये, असेच माझे मत. पीएमजीसुद्धा ती भोके ‘चलनात येतानाचीच’ अशी नोंद करते.

पण ती भोके स्टेपलचीच आहेत, की नंतर कुणी टाचणी खुपसली? स्कॅनरच्या पांढऱ्या झाकणापुढे भोक कागदात मिसळून जाते. विक्रेत्याला एवढेच सांगावे: नोटेमागे काळा कागद ठेवून पुन्हा स्कॅन करा. मग भोके, कडांच्या बारीक चिरा आणि गोल झालेले कोपरे, सगळे काळ्यावर उठून दिसते.