वेंतिमील्याला जाण्यापूर्वी
(नीस मुक्कामी असलेल्या आमच्या प्रवाशांसाठी)

मोकळ्या दिवशी बरेच जण सीमा ओलांडून इटलीतल्या वेंतिमील्याला जातात. नीसहून लोकल गाडीने पाऊण ते एक तास लागतो. 'वेंती' म्हणजे वीस आणि 'मील्या' म्हणजे मैल, म्हणून हे गाव कुठूनतरी वीस मैलांवर असणार, असं वाटतं. तसं काही नाही. इंतेमेली या लिगुरियन टोळीचं हे ठाणं; रोमन काळातलं नाव आल्बिंतिमिलियम, त्याचाच हा अपभ्रंश.

रोया नदीने गावाचे दोन भाग केले आहेत. पूर्वेला सपाटीवर स्टेशन, बाजार, हॉटेलं. पश्चिमेला टेकडीवर मध्ययुगीन गाव, तिथलं रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं) कॅथेड्रल चुकवू नका. गल्ल्या दगडी आणि चढाच्या आहेत, चाकांची बॅग किंवा बाबागाडी नेऊ नका. रोमन नाट्यगृहाचे अवशेष मात्र टेकडीवर शोधू नका. ते नव्या गावाच्याही पूर्वेला, नेर्विया नदीच्या बाजूला आहेत. मूळ वस्ती तिथे होती, लोक टेकडीवर नंतर गेले.

सीमा इथे आली ती 1860 मध्ये. तूरिनच्या तहाने नीस फ्रान्सला मिळालं आणि वेंतिमील्या एकदम काठावरचं गाव झालं. 1947 मध्ये रोयाच्या वरच्या खोऱ्यातली तेंदा आणि ब्रिगा ही गावंही फ्रान्सकडे गेली. त्यामुळे रोया आज उगम पावते फ्रान्समध्ये आणि समुद्राला मिळते इटलीत. इथून कुनेओला जाणारी रेल्वे दोन्ही टोकांना इटालियन, मध्ये फ्रेंच. डोंगर बघायला म्हणून त्या गाडीत बसाल तर पासपोर्ट जवळ हवाच.

पासपोर्टाचं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो त्याला कारण आहे. 2015 पासून फ्रान्सने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. परतताना मांतों-गारावाँ या पहिल्या फ्रेंच स्टेशनात पोलीस अनेकदा डब्यात चढतात आणि मूळ पासपोर्ट मागतात. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका. सिंगल एंट्री शेंगेन व्हिसा असला तरी काळजी नको, दोन्ही देश शेंगेनमध्येच असल्याने एंट्री खर्च होत नाही.

नीसहून पुढे जेनोआला जायचं असेल तर बहुधा इथे गाडी बदलावी लागते. इटालियन रुळांवर 3 किलोव्होल्ट डीसी, फ्रेंच बाजूला 25 किलोव्होल्ट एसी, त्यामुळे प्रत्येक इंजिनाला दोन्हीकडे धावता येत नाही. इटलीतल्या रीजनल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्या. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो.

गावाच्या पश्चिमेला ला मोर्तोला इथे हॅनबरी बाग आहे. थॉमस हॅनबरी या इंग्रज व्यापाऱ्याने 1867 मध्ये ही जागा घेतली. फाटक वर रस्त्यावर, बाग समुद्रापर्यंत उतरत जाते. जाताना मजा वाटते, सुमारे शंभर मीटरचा चढ येताना असतो. गुडघे दुखत असतील तर अर्ध्यातून परत फिरा. तळाशी जुन्या रोमन रस्त्याचा तुकडा आहे.

आठवडी बाजार शुक्रवारी. त्या दिवशी फ्रान्समधून लोंढे येतात, गाड्या भरतात. फेरीवाल्यांकडून ब्रँडेड पर्स घेऊ नका: नकली माल विकत घेणाऱ्यालाही इटलीत दंड आहे.

शाकाहारींनी फारिनाता मागावी. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. पसरट ताटात घालून भट्टीत भाजतात. आपल्या बेसनाच्या धिरड्याची चुलत बहीण. कधी वरून कांदा किंवा छोटे मासे घालतात, तेव्हा आधी विचारा. आणि चीज चालत नसेल तर लक्षात ठेवा, पेस्तो (तुळशीसारख्या बेझिलच्या पानांची चटणी) सहसा चीजशिवाय नसतो.